चार कागदांतला पुस्तकदिवा

मी एक जुना पुस्तकदिवा आहे. जुना म्हणायचं ते फक्त वयाने. कामाने म्हणाल तर मी अगदी कोरा, कारण जन्मल्यापासून तीन वर्षांत मी मोजून एकदा पेटलो होतो. मित्रांनो, दिव्यानेच अंधारात पडून राहावं यासारखी दुसरी थट्टा नाही. ती माझ्या वाट्याला कशी आली, ते ऐका.

माझा जन्म भुसावळचा. प्रज्ञा नावाची मुलगी गोष्टी-कवितांवरून भेटवस्तू बनवते. ओळी लिहिलेले कप, वाचनखुणा, कथेतल्या गावांचे नकाशे असलं काहीबाही. तिचे आजोबा भिका आबा रेल्वेत सुतार होते. माझी दोन्ही पुठ्ठ्यांसारखी झाकणं त्यांनी एका मोडक्या बाकाच्या सागवानी फळीतून काढली. फळीवर हात फिरवून ते म्हणाले होते, "बठ्ठं लाकूड जुनं शे, पन आखो शंभर वरीस जाई." आबा मूळचे भडगावकडचे. घरात ते तिकडच्या अहिराणीतच बोलतात; बठ्ठं म्हणजे सगळं, आखो म्हणजे आणखी.

मिटलो की मी पुस्तक दिसतो. उघडलो की आत कागदात कापलेली एक गोष्ट उभी राहते. ती गोष्ट प्रज्ञाची मैत्रीण पलक हिने कॉलेजच्या वार्षिक अंकात लिहिली होती. एक टिटवी रुळांजवळच्या खडीत अंडी घालते आणि निंबा नावाचा गँगमन हातात कंदील घेऊन त्यांची राखण करतो. त्या इवल्या कंदिलात माझा दिवा आहे. पुढे अंड्यांतून पिल्लं निघाली का, ते पलकने लिहिलंच नाही. प्रज्ञा तिला वर्षभर छळत होती आणि पलक हसून सांगत होती, सांगेन कधीतरी. म्हणून माझं शेवटचं पान प्रज्ञाने कोरं ठेवलं आणि पहिल्या पानावर लिहिलं, "पलक, आता तरी सांग."

मी पलकच्या लग्नाची भेट होतो. आबांनी मला एकदा पेटवून पाहिलं. मग प्रज्ञाने स्वतः रंगवलेल्या टिटवीच्या कागदात मला गुंडाळलं, लाल सुतळीची गाठ मारली, पण वर नाव काही घातलं नाही. कागद बघूनच पलकला कळेल, असं तिला वाटलं. कलाकार माणसाला आपल्या हातावर फार भरवसा, दुसरं काय!

पण पलकने तो कागद पाहिलाच नाही. लग्नानंतर नवरा-नवरी देवदर्शनाला गेली आणि धरणगावच्या घरी तिच्या सासूबाई झमकूबाई यांनी भेटवस्तू निवडायला घेतल्या. त्या माणूस म्हणून वाईट नव्हत्या. वस्तू फिरती राहावी, वाया जाऊ नये, एवढाच त्यांचा नेम. भांडं वाटलं तर उघडायचं, आणि शोपीस वाटला तर न उघडता कपाटात ठेवायचा, पुढच्या कुणाच्या कार्याला द्यायला. त्यांनी मला कानाशी धरून हलवलं. मी वाजलो नाही. कपाटाचं लोखंडी दार बंद झालं.

माझ्यासोबत चौदा-पंधरा डबे होते. कोण घड्याळ, कोण फुलदाणी, कुणालाच आपण काय ते सांगता येत नव्हतं. माझ्या पोटातला कंदील विझलेला आणि टिटवी घडी होऊन निजलेली. लाकडाला श्वास लागत नाही म्हणतात, पण मला तिथे कोंडल्यासारखं होई.

एके दुपारी कपाटापाशी पलक तिच्या नवऱ्याशी, तरुणशी बोलत होती. तिचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. ती म्हणाली, "प्रज्ञा जेवून गेली, पण एक कार्डसुद्धा दिलं नाही रे. मला वस्तू नको होती. दोन ओळी तरी लिहायच्या." मित्रांनो, त्या दोन ओळी माझ्या पोटात होत्या. आमच्यात एक पत्र्याचं दार तेवढं होतं. मला तेव्हा रडू आलं.

पुढे भडगावला झमकूबाईंच्या नात्यातल्या सुकदेव नानांची वास्तुशांत निघाली. जुना कागद काढताना आतली वस्तू खरचटते म्हणून झमकूबाईंनी टिटवीवरच सोनेरी कागद चढवला आणि वर 'चंपालाल परिवार, धरणगाव' अशी चिठ्ठी लावली. चंपालाल म्हणजे पलकचे सासरे. सुकदेव नानांच्या घरीही हाच नेम निघाला. त्यांनी वर निळा कागद चढवून मला भुसावळला जीवराम भाऊंच्या निवृत्तीला धाडलं. भाऊंनी हिरवा चढवला. मी फुगत गेलो आणि आत तसाच राहिलो. दर वेळी पिशवीतून बाहेर काढलं की वाटायचं, आता कुणीतरी फाडेल. लोक हातात घेऊन, छान आहे हो, म्हणत आणि ठेवून देत.

जीवराम भाऊ भिका आबांचे शेजारी. प्रज्ञाने स्वतःचं दुकान काढलं तेव्हा उद्घाटनाला ते मलाच घेऊन गेले. तीन वर्षांनी मी माझ्याच घरी आलो होतो.

संध्याकाळी गर्दी ओसरल्यावर प्रज्ञाने मला घेतलं. हिरवा कागद निघाला. आत निळा. ती हसायला लागली. निळ्याखाली सोनेरी आणि त्यावर चंपालाल परिवाराची चिठ्ठी. तिचं हसू थांबलं. सोनेरी कागद तिने हळू काढला आणि खाली तिची टिटवी दिसली.

ती खुर्चीत बसली. पलकने एक शब्द का कळवला नाही, हे कोडं तिला आता सुटलं, असं तिला वाटलं. तिने दिलेलं पलकने वाटून टाकलं होतं. प्रज्ञाने मला रद्दीच्या खोक्यात टाकलं. दाराआड होतो तेव्हा आशा तरी होती. त्या खोक्यात तीही गेली.

आबांनी मला उचललं. चष्मा वर करून ते सुतळी न्याहाळत राहिले. मग म्हणाले, "पोरी, तिनी तं हाई उघाडंच नही. तुनी गाठ जशीनी तशी शे."

दुसऱ्या दिवशी प्रज्ञा मला गाडीत मांडीवर घेऊन धरणगावला गेली. पलकच्या दारात तिने नुसतं मला पुढे धरलं. पलकने कागद पाहिला आणि उभ्या उभ्या गाठ सोडायला लागली. तिच्या हातांना घाई झाली होती. पहिलं पान तिने दोनदा वाचलं. मग खटका दाबला.

मी पेटलो नाही. माझे सेल कधीचेच मेले होते.

पलक सरळ आत गेली. चंपालाल बातम्या बघत होते. त्यांच्या हातातला रिमोट तिने घेतला, त्यातले दोन सेल काढले आणि माझ्यात बसवले. निंबाच्या कंदिलात उजेड पडला. टिटवी उभी राहिली. दोघी मैत्रिणी एकमेकींचा हात धरून रडल्या आणि बातम्या तशाच चालू राहिल्या.

झमकूबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी पहिलं पान वाचलं. कमरेची कपाटाची किल्ली काढून पलकच्या हाती दिली आणि म्हणाल्या, "बाकीचे डबे पण सगळे उघड. कुणाचं काय अडकलंय, बघू."

आता मी पलकच्या टेबलावर असतो. शेवटच्या पानावर तीन ओळी झाल्यात. पिल्लं अजून निघालेली नाहीत, आणि प्रज्ञा फोनवर तिला छळते आहे.

मित्रांनो, भेट पुढे कुणाला द्यायची तर खुशाल द्या, पण आधी एकदा उघडून बघा. कुणीतरी तुमच्याशी काही बोललेलं असतं. रोज रात्री मलाही मिटतात, आत पुन्हा अंधार होतो. पण आता मला भीती वाटत नाही. सकाळी उघडणारं माणूस त्याच घरात झोपलेलं असतं.