स्टोअरमधला उजेड

कस्तुरीनं फ्लॅटचं छत उचलून बाजूला ठेवलं आणि वरून आत डोकावली. पडद्यावर तीन बेडरूम, हॉल, स्वयंपाकघर असं सगळं उघडं पडलं, बाहुलीच्या घरासारखं. सगळीकडे ऊन होतं. फक्त स्वयंपाकघराला चिकटलेला एक चौकोन काळाकुट्ट होता.

"दिखा?" खुर्चीमागे उभ्या असलेल्या अनुषानं विचारलं. "बाकी सब परफेक्ट है. बस यही रूम ब्लॅक आ रहा है. पक्का बग है, यार."

अनुषा या कंपनीत घरं सजवायची. गिऱ्हाइकाचा फ्लॅट सॉफ्टवेअरमध्ये उभा करायचा, त्यात सोफे-कपाटं मांडायची आणि फोटोसारखं दिसणारं चित्र, म्हणजे 'रेंडर', काढून दाखवायचं. चित्र पसंत पडलं की शहराबाहेर होसकोट्याच्या कारखान्यात प्लायवूड कापायला सुरुवात होई. आणि चित्र बिघडलं की ते कस्तुरीकडे येई. पुण्याहून फिजिक्समध्ये एम.एस्सी. करून आलेल्या कस्तुरीला इथं नेमलंच होतं बिघाड शोधायला. कधी भिंतींच्या सांध्यातून ऊन गळायचं. कधी एकाच जागी दोन फरश्या बसायच्या आणि जमीन लुकलुकायला लागायची. कधी पडदे उलटे लागून दिसेनासे व्हायचे.

तिला हे काम आवडायचं. सॉफ्टवेअर उजेडाचा एकेक किरण सोडतं, तो कुठं आदळतो, किती उरतो, पुढं कुठं जातो याचा हिशेब करतं, आणि त्यात कुणाची मर्जी चालत नाही, हे तिला फार आवडायचं. आवडायचं नाही ते डिझायनर मंडळींचं त्यावरचं औषध. चित्र अंधारं आलं की ते छताजवळ चित्रात न दिसणारा एक दिवा टांगून मोकळे व्हायचे. असला दिवा सापडला की तिला जेवताना तोंडात केस आल्यासारखं व्हायचं.

तिनं काळ्या खोलीच्या भिंती तपासल्या. सरळ लागलेल्या होत्या. काच नव्हती, आरसा नव्हता, कुठं फट नव्हती. एका बाजूला स्वयंपाकघर, दुसऱ्या बाजूला बाथरूम, तिसऱ्या बाजूला लिफ्ट, आणि चौथ्या भिंतीत दार.

"बग नहीं है," ती म्हणाली. "खिडकी ही नहीं है. लाइट आएगी कहाँ से?"

"स्टोअर है ना. स्टोअर में विंडो कौन देता है?"

"तो स्टोअर का रेंडर किसको चाहिए?"

अनुषाच्या हातात इडलीचा द्रोण होता. ती उरलेली चटणी बोटानं पुसून घ्यायला लागली.

कस्तुरी उजेड-सावलीचा हिशेब बंद करून खोलीत आणखी खाली उतरली. तांदळाचे डबे नाहीत, सुटकेसा नाहीत. एक पलंग होता. त्याच्या डोक्याशी औषधांना पुरेल एवढं कपाट, समोर छोटा टीव्ही, आणि कोपऱ्यात देवांसाठी फळी. तिनं पलंगावर क्लिक केलं. मूळच्या मापाच्या पंच्याऐंशी टक्के. कुणीतरी पलंग लांबी-रुंदी-उंचीनं आक्रसवून खोलीत बसवला होता. तिनं तो शंभर टक्के केला, तशी उघडणाऱ्या दाराची कड पलंगात घुसली. मग तिनं खोलीचा प्रकार 'स्टोअर' होता तो बदलून 'बेडरूम' केला. पडद्याच्या कडेला लाल इशारे पटापट उमटले. खिडकी नाही. हवा खेळायला जागा नाही. क्षेत्रफळ अपुरं.

"अरे, वो मत कर!" अनुषा जवळजवळ ओरडली. "बेडरूम डालो तो एरर आता है. इसीलिए तो स्टोअर रखा है."

"इधर सोएगा कौन?"

"क्लायंट के फादर." तिनं बोट चाटलं आणि त्याच बोटानं कस्तुरीच्या कीबोर्डवरची 'अनडू'ची कळ दोनदा दाबली. पलंग पुन्हा आखडला, लाल इशारे गेले. "मराठी फॅमिली है, तुझे अच्छा लगेगा. अभी आते ही होंगे. एक लाइट डाल दे ना, प्लीज. ये गया तो मेरा पूरा महीना गया."

कस्तुरीनं कळेवरचा चटणीचा ठिपका पुसला. मग तिनं दिवा टांगला. पिवळसर, डावीकडून येणारा, सकाळच्या उन्हासारखा. चित्र दाणेदार होतं ते हळूहळू निवळत गेलं. चादरीच्या चुण्या दिसायला लागल्या, देवांच्या फळीखाली मऊ सावली पडली. खोली इतकी सुरेख दिसायला लागली की कस्तुरी उठली आणि बेसिनवर जाऊन दोनदा हात धुऊन आली.

ओगले कुटुंब आलं तेव्हा ती मीटिंगच्या खोलीत मोठ्या पडद्याला कॉम्प्युटर जोडत होती. जितेंद्र चाळिशीचा, हसरा, त्याच्या खांद्याला लॅपटॉपची बॅग. त्याची बायको नयना. आणि मागून त्याचे वडील नंदकिशोर, काठीसारखे सरळ आणि उंच. दारात त्यांनी सवयीनं मान खाली घातली, खरं तर तिथं गरज नव्हती.

"मराठी का तू?" कस्तुरीनं नमस्कार केल्यावर ते खूश झाले. "वा. मी चाळीस वर्षं काढली या गावात, सरकारी कारखान्यात. आता माझ्या मराठीला इथले लोक हसतात आणि कन्नडला पण हसतात."

"बाबा, बसा आधी," जितेंद्र म्हणाला आणि त्यानं वडलांची खुर्ची पुढे ओढली. प्रेमानंच ओढली. कस्तुरीला ते पाहवेना.

अनुषानं एकेक खोली दाखवली. नवरा-बायकोची बेडरूम. मुलाची बेडरूम. तिसरी, जितेंद्रच्या घरून कामासाठी.

"याच्या ऑफिसला खिडक्या दोन," नयना म्हणाली. "साहेबांना मीटिंगमध्ये मागे झाडं दिसायला लागतात. घरात एक कुंडी जगवता येत नाही, पण झाडं हवीत."

"तुझ्या कपाटांनी बेडरूमच्या दोन भिंती खाल्ल्या, ते सांग की," जितेंद्र म्हणाला. सगळे हसले. नंदकिशोरही हसले.

"आणि ही बाबांची रूम," नयना म्हणाली. "कोझी आहे ना?"

पडद्यावर सोनेरी उजेड पसरला. कस्तुरीच्या जिभेवर कसलातरी साय धरल्यासारखा थर आला. 'कोझी' या शब्दाचाच असावा.

"सरी," नंदकिशोर मान हलवत कानडीत म्हणाले. "छान आहे. स्वल्प लहान आहे, पण मला एकट्याला किती लागतं?"

"काका," कस्तुरीनं विचारलं, "तुमची उंची किती?"

अनुषानं तिच्याकडे पाहिलं. तिला मराठी येत नव्हती, पण आवाजातला रोख कळला.

"सहा फूट एक इंच होती. आता थोडा झिजलो असेन. का गं?"

कस्तुरीनं पलंगावर क्लिक केलं आणि तो खऱ्या मापाचा केला. दार त्यात रुतलं. मग तिनं छताजवळचा दिवा शोधला आणि पुसून टाकला. चित्र पुन्हा बनायला लागलं. कडेकडेनं काळं आत आलं, चादर गेली, देवांची फळी गेली. शेवटी दाराच्या फटीतून आलेली राखाडी रेघ तेवढी राहिली.

"हे खरं चित्र आहे," ती म्हणाली. "आधीच्यात मी खोटा दिवा टाकला होता. पलंग पण लहान केलेला होता. या खोलीला खिडकी नाहीये, काका."

आता काय होईल हे तिनं मनात ठरवून ठेवलं होतं. म्हाताऱ्याचा चेहरा उतरेल. मुलगा खाली बघेल. सून काहीतरी सावरायला जाईल आणि जमणार नाही.

नयना बाटलीचं झाकण फिरवून पाणी प्यायली.

"हो, ते आहेच," जितेंद्र म्हणाला. पार्किंगबद्दल सांगावं तसा त्याचा सूर होता. "त्या बाजूला लिफ्ट येते ना. बिल्डरनंच तसं काढलंय."

"मी जाऊन पाहिलीय की," नंदकिशोर म्हणाले. "भिंत ठोकून पाहिली. के. आर. पुरम भागात एवढ्या पैशात एवढंच मिळतं, बाळ."

"मग हे..." कस्तुरीनं पडद्याकडे हात केला.

"आधीचं लाव ना. ते वेदिकाला पाठवायचंय," नंदकिशोर म्हणाले.

"माझी बहीण," जितेंद्रनं खुलासा केला. "नागपूरला असते. तिला वाटतं की आम्ही बाबांना..." तो थांबला आणि बॅगेचा पट्टा सारखा करू लागला.

"तिला काही वाटत नाही," नंदकिशोर म्हणाले. "ती काळजी करते. तिच्या घरी आधीच तिची सासू अंथरुणाला खिळलेली. दोन खोल्या. हे असलं काळं बघितलं तर उद्याच्या गाडीनं येईल आणि मला उचलून घेऊन जाईल. मग तिचा नवरा हॉलमध्ये झोपणार, आणि मी त्याच्याकडे बघत दिवस काढणार." ते कस्तुरीकडे वळले. "लाव की ते. चांगलं केलं होतंस."

कस्तुरीला किळस आली. कुणाची, ते तिला ठरवता येईना. तिनं अनडूची कळ दाबत नेली. दिवा आला, पलंग आखडला, चादरीवर ऊन पडलं.

नंदकिशोरांनी खिशातून फोन काढला, दोन्ही हातांनी धरला आणि पडद्याचा फोटो घेतला. पहिला हलला म्हणून दुसरा घेतला. जितेंद्रनं तो बहिणीला पाठवून दिला. अनुषानं चहा मागवला. हँडल्स पितळी हवीत की काळी, यावर नयना आणि ती बोलू लागल्या. त्यांना दोघींनाही काळीच आवडली.

फोन किणकिणला. नंदकिशोरांनी आलेला व्हॉइस मेसेज फोन कानाशी न नेता तसाच लावला आणि वेदिकाचा आवाज सगळ्या खोलीत ऐकू आला. मागे कुठंतरी कुकरची शिट्टी होत होती.

"अय्या बाबा, मस्तच आहे हो! किती उजेड! मी उगीचच दादाला बोलले. पण खिडकी कुठंय? दिसत नाहीये फोटोत."

चहा आला. कुणी उचलला नाही.

जितेंद्रनं घसा खाकरला. "एक खिडकी घालता येईल ना?" तो कस्तुरीला म्हणाला. "नुसती चित्रात."

"येईल," कस्तुरी म्हणाली. एवढं तरी याच्या तोंडून वदवून घ्यायचंच, असं ठरवून तिनं त्याच्या डोळ्यांत पाहत विचारलं, "कुठल्या भिंतीत घालू, तुम्ही सांगा."

जितेंद्रनं नयनाकडे पाहिलं. नयनानं हँडलांच्या नमुन्यांकडे.

खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. नंदकिशोर उठून पडद्याजवळ गेले होते. चष्मा कपाळावर सारून त्यांनी खोलीच्या भिंती एकेक करून नीट पाहिल्या, भाड्यानं घ्यायची जागा बघावी तशा. मग डावीकडच्या भिंतीवर, पलंगाच्या पायाशी, त्यांनी बोट टेकवलं.

"इथं घाल," ते म्हणाले. "उशाशी नको. सकाळी डोळ्यांवर ऊन येतं."