धुक्याच्या घाटातलं टोफूचं दुकान

मुलांच्या मंडळाचं हे काम चिझुरूच्या वाट्याला चिठ्ठ्या टाकून आलं होतं. उन्हाळ्याच्या सुट्टीत वस्तीच्या सभागृहात लहानथोर मिळून एक अ‍ॅनिमे मालिका बघतात. ती सगळ्या घरानं मांडीला मांडी लावून बघण्याजोगी आहे की नाही, ते आधी एका आईनं बघून लिहून द्यायचं.

यंदा एकच नाव आलं होतं, तेही टोफूवाल्या हातानो आजोबांकडून: 'धुक्याच्या घाटाचे टपालवाले', भाग बारा. डिस्कचा डबा जांभळ्या कापडात बांधून त्यांनी स्वतः आणून दिला. सत्तरी ओलांडलेला माणूस आणि अ‍ॅनिमे, म्हणून बायका तोंडावर हात ठेवून हसल्या. हीच मालिका का, ते आजोबांनी सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही.

चिझुरूनं ती बघितली नाही, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. दाताच्या दवाखान्यातली नोकरी, सासूचं दुखणं, अशी कारणं तिच्याकडे होती आणि त्यातली निम्मी खरीही होती. मुदतीच्या दिवशी तिनं फोनवर चार अनोळखी लोकांची मतं वाचली आणि भात होईपर्यंत कागद लिहून मोकळी झाली. 'मेलेली माणसं दिसतात. पाचव्या भागात रक्त आहे. लहान मुलगी एकटी घर सोडते. कुटुंबासाठी योग्य नाही.' आणि सगळ्यात वर, वळणदार अक्षरात: 'बाराही भाग काळजीपूर्वक पाहिले.'

कागद फिरत्या फळीला लागला. ही फळी घरोघर जाते, जो तो आपल्या नावाचा शिक्का उमटवतो आणि शेजाऱ्याच्या दाराशी ठेवून येतो. वाचायची सक्ती कुणावर नाही. एकोणचाळीस शिक्के पडले आणि मालिका बाद झाली.

शनिवारी आजोबा तिच्या दारात आले. तिच्या हातात टोफूची वडी देऊन ते कमरेत वाकले.

"फार त्रास दिला बाई तुम्हाला. बारा-बारा भाग बघायला लावले. माफ करा."

"त्रास कसला, आजोबा."

"डबा न्यायला आलो. पण एक विचारू? आमची सायोको त्यात चित्रं काढायला होती. माणसं नव्हे, मागची घरं, झाडं, रस्ते." एखादा गुन्हा कबूल करावा तसं ते बोलत होते.

"अहो, मग आधी सांगायचं ना."

"आपल्याच लेकीचे गोडवे आपणच गायचे? बरं दिसत नाही ते." ते ओशाळं हसले. "ती म्हणाली, बाबा, आपलं दुकान घातलंय एका ठिकाणी, शोधा. माझ्या डोळ्यांत हा मोतीबिंदू. मला सगळंच धुकं. म्हटलं सभागृहात बघू, पोरं ओरडतील, ते बघा टोफूवाल्यांचं दुकान! ते राहिलं. पण तुम्ही तर सगळं बघितलंय. कितव्या भागात आहे?"

मागे बैठ्या टेबलावर चिझुरूची नऊ वर्षांची लेक फुमिनो अभ्यास करत होती. तिची पेन्सिल थांबली. चिझुरूनं 'मी बघितलं नाही' एवढंच म्हणायचं होतं.

"सातव्या," चिझुरू म्हणाली.

"सातव्या!" म्हाताऱ्याचा चेहरा उजळला. "आणि दारात? दारात कुणी उभं होतं का?"

"नाही. दुकान बंद होतं."

"बंद," आजोबा म्हणाले. "असेल, असेल."

त्यांनी डबा घेतला आणि त्यांची बोटं गाठीवर गेली. टोफू कापताना त्यांच्या अंगठ्याचं टोक कधीच गेलं होतं, म्हणून त्यांची गाठ नेहमी आडवी पडायची, एक कान वर, एक खाली. ही गाठ तशीच होती. बोटं तिच्यावर जरा वेळ थांबली. मग त्यांनी डबा हलकेच खाली ठेवला.

"राहू दे बाई. नंतर नेईन. आज हात भरलेत," ते म्हणाले. त्यांचे दोन्ही हात रिकामे होते.

ते गेल्यावर फुमिनोनं विचारलं, "आई, गाठ तर सुटलीच नाही. मग सातवा कसा कळला?"

चिझुरूनं डबा नजरेआड, कपाटात सरकवला. म्हाताऱ्यानं चारचौघांत फैलावर घेतलं असतं तर परवडलं असतं. त्यानं उलट तिचीच अब्रू झाकली होती आणि ते तिला सोसवत नव्हतं.

रविवारी सकाळी मायलेकींनी गाठ सोडली. चिझुरूचा हात पुढे पळवायच्या बटणाकडे गेला की फुमिनो तो दाबून धरी. मेलेली माणसं होती खरी, पण ती आपली पत्रं धाडून जेवलास का विचारत आणि मोजे वाळत घातले नाहीत म्हणून रागावत. पाचव्या भागातलं रक्त म्हणजे एका पोराचा घोळणा फुटला होता. सातव्यात नुसता डोंगर होता. अकराव्या भागाला फुमिनो उभी राहून ओरडली आणि चिझुरूनं तोंड ओंजळीत लपवलं.

सोमवारी तिनं नवा कागद लिहिला. फळीचं पहिलं घर म्हणजे टोफूचं दुकान. तिथं मंडळाच्या अध्यक्षीणबाई मिसुमी आणि आणखी एक गिऱ्हाईक उभं होतं.

"मला दिसत नाही बाई. वाचून दाखवता?" आजोबा म्हणाले.

फळी ठेवून पळ काढायचा, एवढाच तिचा बेत होता. तिनं वाचलं. "मी एकही भाग न बघता मत दिलं. बघितल्याचं खोटं लिहिलं. हातानो आजोबांना दुकानाबद्दल सांगितलं तेही खोटं होतं. माझा कागद रद्द समजावा आणि मालिका दुसऱ्या कुणी बघून ठरवावं." तिचे कान तापले होते. मिसुमीबाई सोयाच्या दुधाच्या बाटल्यांकडे बघत राहिल्या. त्यांचाही शिक्का होताच त्या फळीवर.

आजोबांनी चाचपडत शिक्का काढला आणि कागदावर तिरका उमटवला.

"मग कितवा भाग?"

"अकरावा. दुकान उघडं आहे, आजोबा. दारात एक बाई उभी आहे. डोक्याला निळ्या चौकड्यांचा रुमाल. फेरीवर वाजवायचा पितळी भोंगा एप्रनच्या टोकानं पुसतेय."

"पुसतेय?"

"हो. पुसते आणि तोंड बघते त्यात."

आजोबा टोफूच्या हौदाकडे वळले आणि पाण्यात हात घालून उभे राहिले. पाण्यात त्या वेळी काहीच नव्हतं.

"नऊ वर्षं झाली तिला जाऊन," ते म्हणाले. "तुम्ही बघितलं नाही, ते गाठीवरून कळलं होतं. तरी ते 'दारात कुणी नाही' मनातून जाईना. मला वाटलं, पोरगी आईला विसरली. काल तिचा फोन आला, तो मी घेतला नाही."

चिझुरू वाकली ती वाकलेलीच राहिली. मग मिसुमीबाईंनी फळी उचलून तिच्या हातात दिली. अजून अडतीस घरं बाकी होती.