आंघोळ झाली का?

गौरांग आणि मोहिनी कॉलेजातले दोस्त. इंदिरानगरात गाळा भाड्यानं घेऊन दोघांनी नागलीच्या बिस्किटांची कंपनी काढली. नागली मोहिनीच्या पेठ तालुक्यातल्या शेतातली, भाजायची रीत तिच्या आईची. आणि नियम? ते सगळे गौरांगचे! रामकुंडावर पिढ्यानपिढ्या पूजा सांगणारं घराणं. धंदा काढला तरी सोवळं काही सुटेना. कंपनीचं नाव ‘सात्त्विक’. मोहिनीच्या लसणाच्या खाऱ्या बिस्किटांवर पहिल्याच दिवशी फुली. दाराशी फळा, त्यावर पहिली ओळ: आंघोळ करून आलात का? शिवाय रोज सकाळी हा दारात उभा राहून कामाला येणाऱ्या प्रत्येक बाईला विचारायचा. “अगं, स्वच्छता नको का?” म्हणायचा. मोहिनी वाद नको म्हणून गप्प बसायची.

त्या दिवशी मोहिनीची आई, भिमाबाई, पहिल्यांदाच लेकीची कंपनी बघायला आली. पहाटेची एसटी धरून, नवं लुगडं नेसून, पिशवीत भाजलेली नागली घेऊन. उंबऱ्यात पाऊल टाकणार, तोच गौरांगच्या तोंडून निघून गेलं, “मावशी, आंघोळ झालीये ना?”

भिमाबाईनं पाऊल मागे घेतलं. “झाली ना, बाबा. पहाटंच केली,” म्हणाली आणि पिशवी बाहेरच्या पायरीवर ठेवली.

मोहिनी आतून आली. ओरडली असती तर परवडलं असतं. “गौरांग, उद्घाटनाला तुझी आई आली होती. भाजीबाजारातून तशीच आत शिरली, पिठात हात घालून बघितला. तिला विचारलं होतंस?”

नव्हतं विचारलं. डोक्यातसुद्धा आलं नव्हतं! स्वच्छता म्हणे! गौरांगचे कान तापले. स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं त्याला. “मावशी, चुकलो मी. आत या ना.”

“नको, इथंच बरं हाय,” म्हणत भिमाबाई पायरीवर टेकली. मोहिनीनं कामाची टोपी काढली आणि आईला सोडायला निघाली. “राहायचं की नाही, ते उद्या सांगते,” म्हणाली. ती गेली तर कंपनीत उरणार काय, नुसता फळा?

संध्याकाळी गौरांगनं ती ओळ ओल्या फडक्यानं खसाखसा पुसली. सकाळी स्वतः जाऊन लसूण आणला. मोहिनी आली, टोपी हातात घेऊन. कोरा फळा आणि लसूण बघून तिचा चेहरा जरा निवळला. गौरांगला हायसं वाटलं.

तेवढ्यात बायका आल्या. आज त्यांना कोणी काही विचारत नव्हतं. तरी सगुणाबाई सवयीनं दारात थांबली, मान खाली घालून म्हणाली, “आंघोळ करून आले, दादा.” तिच्यामागची म्हणाली. तिच्यामागचीही म्हणाली.

मोहिनीनं सगळ्यांचं ऐकून घेतलं. मग टोपी फळ्याखाली ठेवली आणि पायरी उतरून चालू लागली. तिला हाक मारायला गौरांगला तोंड नव्हतं.