देवाच्या कोनाड्यामागचा खांब

सरितानं बाळकृष्ण हलकेच बाजूला सरकवला आणि मोजपट्टीचं टोक कोनाड्यात मागपर्यंत नेलं.

"आंघोळ झाली का गं तुझी?" स्वयंपाकघराच्या दारातून लीलाबाईंनी विचारलं.

"झाली की, आई."

"मग असू दे. समईला धक्का लावू नकोस तेवढा."

मागच्या गिलाव्यावर तांबूस डाग होता. इतकी वर्षं घरातले सगळे त्याला कुंकवाचा ओघळ समजत आले होते. सरितानं बोट लावलं तसा एक पापुद्रा सुटून फुलांवर पडला. आत सळई होती, गंजून फुगलेली. तिनं बोट नाकाशी नेलं आणि ओढणीच्या टोकानं ते पुसत राहिली.

हुबळीच्या उणकल भागातल्या या घरावर आणखी एक मजला चढवायचा होता. तिचा धाकटा भाऊ विशाल जवळच्याच रायापूरला भाड्यानं राहायचा. त्याच्या बायकोला, दीपालीला, सातवा महिना होता. मजला झाला तर ती दोघं इथं येणार, नाही तर विशाल पुण्याची बदली घेणार. लीलाबाईंनी माळ्यावरचा पाळणा उतरवून त्याच्या साखळ्यांना तेलही लावून ठेवलं होतं.

सरिता हुबळीत श्रीवत्स सरांच्या इंजिनिअरिंग ऑफिसात इमारतींची मॉडेलं करायची. कॉम्प्युटरवर खांब, तुळया, स्लॅब मांडायचे, वर भार ठेवायचा; ज्या खांबाला तो पेलत नाही, तो लाल होतो. घरचं मॉडेल तिनं जुन्या नकाशावरून हौसेनं केलं होतं. सगळे खांब अखंड धरले होते, सगळे हिरवे आले होते. फक्त एक खांब नकाशात नेमका देवाच्या कोनाड्याच्या जागी होता, म्हणून आज मोजपट्टी.

ऑफिसात श्रीवत्स सरांनी ऐकता ऐकताच मान हलवली.

"मॉडेल म्हणजे फोटो नव्हे, सरिता. कोनाडे, माळे, कठडे घालत बसलीस तर जन्म जाईल. भार वाहतं तेवढं घे, बाकी सोड."

"कोनाडा भिंतीत नाही, सर. खांबात आहे."

सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "खांबात? कुणी खोदला?"

"माहीत नाही."

"मग तो सोडता यायचा नाही. जेवढं खोदलंय तेवढा खांब कमी कर."

तिनं केला. खांब लाल झाला. तिनं नवा मजला काढून टाकला. तरी लालच. मग कोनाड्याच्या बरोबर वर असलेल्या खोलीतला भार, माणसं, कपाट, पलंग, सगळं काढलं, तेव्हा कुठं तो पिवळा झाला. बेताचा.

ती खोली खरोखरच रिकामी होती. लीलाबाईंनी तिला कायमचं कुलूप घातलं होतं. देवाच्या डोक्यावर पाय पडू नयेत, हा त्यांचा नेम. दीपाली त्यावरून एकदा सासूला हसत हसत बोलून गेली होती, "देवाला वरची मोठी खोली, अत्तीअम्मा, आणि आम्हाला भाड्याचं घर!"

"दुरुस्ती होईल," सर म्हणाले. "कोनाडा बुजवून खांबाला बाहेरून काँक्रीटचा वेढा घालू. घर उभं राहील. पण त्याच्यावर आणखी मजला? मी सही करणार नाही."

संध्याकाळी लीलाबाई वाती वळत बसल्या होत्या. सरिता शेजारी टेकली.

"आई, वरची खोली बंद ठेवायची असं कुणी सांगितलं होतं?"

"शास्त्र आहे ते."

"कुठल्या शास्त्रात?"

वात मांडीवर तशीच राहिली. लीलाबाईंनी कोनाड्याकडे पाहिलं. पापुद्रा निघालेली जागा समईच्या उजेडात दिसत होती.

"विशाल पाळण्यात होता," त्या हळू म्हणाल्या. "पूर्वेलाच देव हवेत म्हणून तुझ्या अप्पांनी स्वतः छिन्नी घेतली. मी बॅटरी धरली होती. सळई दिसली तसा त्यांचा हात थांबला. तोंड पांढरंफटक. लगेच सिमेंट थापलं वरून. मला म्हणाले, वर कुणाला राहू देऊ नकोस. एवढंच. देवाचं नाव मी घातलं त्यात."

"इतकी वर्षं?"

"माणसाच्या भीतीला कोण मानतं गं? देवाला मानतात."

फोन वाजला. विशालच होता. सरितानं आईकडे पाहिलं.

"सांग की," लीलाबाई म्हणाल्या. "तुझं यंत्र काय म्हणतं तेवढं सांग." मग वात पुन्हा बोटांत घेऊन, "तेवढंच."

"काय अक्का, झालं का तुझं मॉडेल?" विशालचा आवाज उत्साहात होता. "दीपाली इकडं पडद्यांचे रंग ठरवायला लागलीय."

"मजला नाही चढवता येणार, विशू. देवामागचा खांब गेलाय. आधी तोच दुरुस्त करायला हवा."

पलीकडे दीपालीनं काहीतरी विचारलं, त्यानं तिला थांबवलं.

"गेलाय म्हणजे? खांब असा कसा जाईल?"

"कोनाडा त्यातच खोदलाय."

"साकु, बस झालं," तो म्हणाला. आणि मग, दातओठ खाऊन, "कुठला गवंडी होता गं तो? अप्पांना हयातीत कळलं असतं तर सोडला नसता त्याला."

लीलाबाई उठल्या होत्या. पाळण्याच्या साखळ्या त्या एकेक करून जुन्या लुगड्यात गुंडाळत होत्या, आवाज होऊ नये अशा बेतानं.

"अक्का? ऐकतेस ना?"

"हं," सरिता म्हणाली.