सातव्या चित्रातली राणी

मी बोलतोय, पण हळू. 'शांतता राखा' या पाटीखाली सारा जन्म गेला, त्यामुळे आवाज चढवायची सवयच नाही. जरा जवळ या.

मी एक ग्रंथ आहे. पुस्तक म्हणालात तरी चालेल, पण मनातल्या मनात थोडं लागतं. 'दख्खनच्या राण्या : त्यांचा दरबार आणि त्यांची चित्रकला' हे माझं नाव. नाव एवढं भारदस्त की पाठीवर मावलं नाही. सोनेरी अक्षरांत 'दख्खनच्या राण्या : त्यांचा' इतकंच दिसतं. त्यांचा काय, ते मला हातात घेतल्याशिवाय कळत नाही, आणि हातात मला फारसं कुणी घेतलं नाही.

माझा जन्म पुण्याचा, हैदराबादच्या पोलीस अ‍ॅक्शननंतर पाचएक वर्षांनी झालेला. एका म्हाताऱ्या मास्तरांनी गडकिल्ले, हवेल्या, जुन्या पेट्या धुंडाळून मला लिहिलं. राणी दरबारात कुठं बसायची, तिच्यामागं चवरी कोण ढाळायचं, चितारी हिरवा रंग कशाचा करायचे, असं सगळं माझ्यात आहे. शिवाय बारा रंगीत चित्रं. ती वेगळ्या कागदावर छापून बायकांनी खळ लावून एकेक चिकटवली आणि प्रत्येक चित्रावर झिरझिरीत पातळ कागद घातला. राण्याच त्या, त्यांना पडदा हवाच.

बारांपैकी अकरा राण्यांचा थाट मोठा. कुणाच्या हातावर ससाणा, कुणापुढं वीणा, कुणाभोवती दासींचा घोळका. सातवी मात्र एकटी. झरोक्यात बसलेली, अंगावर पांढरी ओढणी, ओढणीवर सोन्याच्या बारीक बुट्ट्या, समोर कुणी नाही. चित्राखाली मास्तरांनी प्रामाणिकपणे लिहिलं : 'राणी झरोक्यात. चित्रकार अज्ञात. राणीचे नाव मिळत नाही.' माझं तिच्याशी पहिल्यापासून जमलं.

मी औरंगाबादला आलो तो शहागंजातल्या वाचनालयात. चौकातल्या घड्याळाचे टोले खिडकीतून ऐकू यायचे. तात्यासाहेब तिथले ग्रंथपाल. निजामाच्या अमलात त्यांनी मराठी पुस्तकं धोतराच्या सोग्यात लपवून आणली होती म्हणे. ज्यानं अशी पुस्तकं जमवली, तो ती सांभाळणार सोन्यासारखी, आणि सोनं माणूस कुलपात ठेवतो. तात्यासाहेबांनी मला उलटसुलट पाहिलं, वास घेतला, कौतुकानं मान हलवली आणि पहिल्याच पानावर शिक्का मारला : 'घरी देऊ नये.'

झालं. काचेचं कपाट, वरचा कप्पा, किल्ली तात्यासाहेबांच्या जानव्याला.

मानाची जागा होती, नाकारत नाही. पण मान घेऊन करायचं काय? खालच्या कप्प्यातल्या कादंबऱ्या आठ-आठ दिवस घरोघर जाऊन यायच्या. कुणाच्या अंगाला फोडणीचा वास, कुणाच्या पानात मोगऱ्याचं वाळकं फूल. कुणी रडून पान ओलं केलेलं असायचं. त्यांच्या पाठी खिळखिळ्या झाल्या, मुखपृष्ठं गेली, पण काय ऐट त्यांची! माझ्या शेवटच्या पानावर तारखा टाकायचा कागद चिकटवलेला होता, तो जसाच्या तसा कोरा. मला त्यांचा हेवा वाटायचा, खोटं कशाला बोलू?

आठवड्याला एकदा चतुराबाई फडकं मारायला यायची. ती देवगाव रंगारीची. वाचता येत नव्हतं, पण धूळ झटकायच्या निमित्तानं माझी चित्रं बघून घ्यायची.

"लई नटल्यात बाया," ती एकदा म्हणाली. "पर एकीच्याबी हातात झाडू नाय. मग महाल झाडत कोण व्हतं?"

मास्तरांनी याचं उत्तर लिहिलेलं नाही. मी खजील झालो.

मग एकदा कुणी मोठे पाहुणे वाचनालय बघायला आले. तात्यासाहेबांनी हौसेनं मला टेबलावर उघडलं, नेमकं सातवं चित्र. पाहुण्यांच्या तोंडात पानाचा तोबरा. "वाहवा!" म्हणायला त्यांनी तोंड उघडलं आणि एक शिंतोडा उडाला तो राणीच्या ओढणीवर, खांद्याजवळ. तात्यासाहेबांचा चेहरा पांढराफटक. टीपकागद आणला, फुंकर घातली, पण डाग राहिलाच. कातरंगी थेंब, खाली बारीकशी शेपटी. दुसऱ्याच दिवशी दाराबाहेर मराठीत आणि उर्दूत पाटी लागली : 'पान खाऊन आत येऊ नये.'

त्या पाटीपुढं थांबून, अंगणातल्या नळावर तीन-तीनदा चूळ भरून आत येणारा माणूस म्हणजे कमरोद्दीन.

कमरोद्दीन हिमरूचा विणकर. सुताच्या ताण्यावर रेशमाची नक्षी उठवणारा, घरच्याच मागावर बसणारा. पोलीस अ‍ॅक्शनपूर्वी शेरवानीसाठी त्याच्या कापडाची नवाब, जहागीरदार वाट बघत थांबायचे. नंतर कुणी हैदराबादला गेलं, कुणी त्याच्याही पलीकडं. माग थंडावले. कमरोद्दीन उर्दू वर्तमानपत्र वाचायला वाचनालयात यायला लागला, आणि एके दिवशी चतुराबाईनं पुसण्यासाठी उघडलेली राणी त्याला दिसली.

वर्तमानपत्र त्याच्या हातातून खाली पडलं.

"तात्यासाहेब, ही किताब घरी द्या. दोन दिवस. नक्षा उतरवतो, परत आणतो."

"घरी मिळणार नाही, कमरोद्दीनमियाँ. नियम म्हणजे नियम. इथं बसून काय करायचं ते करा."

मग तो रोज दुपारी यायला लागला. मांडीवर चौकटीचा कागद, हातात शिसपेन्सिल. एकेक बुट्टी मोजून चौकटीत भरायची. तीच नक्षी पुढं मागावर दोऱ्यांच्या गाठींनी बांधायची. इतकं निरखून मला कुणी कधी पाहिलं नव्हतं. मी ताठ बसायचो.

आणि मग तो त्या थेंबापाशी आला.

अहो, मला ओरडावंसं वाटलं. पण त्यानं भिंग काढलं, थेंब पाहिला, शेपटी पाहिली, आणि स्वतःशीच पुटपुटला, "क्या उस्ताद था! सगळं सोनं, आन् एकच बूंद कात्थी. नुसत्या सोन्यानं डोळा थकतो, त्याला ठाऊक होतं."

त्याचं तरी काय चुकलं? विणकराच्या जगात काही सांडत नाही. तिथं एकेक ठिपका मोजून, बांधून येतो. ओढणीवर थेंब आहे म्हणजे कुणीतरी तो ठेवलाय, एवढंच त्याला ठाऊक. त्यानं पानाचा शिंतोडा आदबीनं चौकटीच्या कागदावर उतरवला, शेपटीसकट.

महिन्याभरानं पहिली शाल मागावरून उतरली. नऊ बुट्ट्या सोन्याच्या, दहावी कात्थी थेंबाची. लोकांना ती आवडली. आणखी विणली, आणखी आवडली. कमरोद्दीनचा माग पुन्हा खटखटू लागला. घरात रेशमाच्या कांड्या भरायला त्याची बायको बसायची, हे त्याच्याच बोलण्यातून कळलं. शाली झाल्या तरी तो माझ्याकडं यायचाच. काही उतरवायचं नसलं तरी राणीसमोर घटकाभर बसायचा.

आता एक गंमत सांगतो. गंमत कसली, दुखणंच ते. कमरोद्दीनला मराठी बोलता यायचं, वाचता येत नव्हतं. तात्यासाहेबांच्या हे ध्यानातच आलं नाही. पहिल्याच आठवड्यात त्यांनी विचारलं होतं, "वाचलंत का सगळं?" आणि कमरोद्दीन लाजेकाजेनं बोलून गेला, "व्हय, वाचलं की." एकदा हो म्हटल्यावर मागं कसं फिरायचं? राणीचं नाव काय, हे विचारायचं त्याच्या ओठांवर रोज यायचं आणि तो रोज ते गिळायचा. मी सगळं पोटात घेऊन त्याच्या समोर उघडा, आणि दोघंही मुके. जे वाचू शकत ते मला बघत नव्हते, आणि जो बघत होता त्याला वाचता येत नव्हतं. याहून एकटेपणा तो काय असायचा?

दहा-अकरा वर्षं अशी गेली. मग कमरोद्दीन यायचा बंद झाला.

मी वाट पाहिली. घड्याळाचे टोले मोजले. उन्हाळा गेला, पाऊसकाळ गेला. काचेवर धूळ बसली, कारण चतुराबाईही आता थकून गावी गेली होती.

एका दुपारी एक मुलगी टेबलापाशी येऊन उभी राहिली. "मी जहांआरा. हिमरूवाल्या कमरोद्दीनची मुलगी." मराठी वाचायला शाळेत शिकलेली, बोलायला गल्लीत. "तात्यासाहेब, अब्बांना आता दिसत नाय. रेशमानं डोळे खाल्ले. गुडघेबी गेले. अम्मी वारली तेव्हापासून बोलणंच कमी झालंय. पण एकच धरून बसलेत. ज्या राणीची ओढणी जन्मभर विणली, तिचं नाव काय व्हतं? वाचून दाखव, म्हणतात."

"नाव? अगं, त्यांनी तर सगळा ग्रंथ वाचलाय."

जहांआरानं मान खाली घातली. "त्यांना मराठी वाचता येत नाय, तात्यासाहेब. तुम्हाला सांगायची शरम वाटली त्यांना."

तात्यासाहेबांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला.

"ग्रंथ घरी द्यायचा नाही हा नियम मीच केलाय," ते शेवटी म्हणाले. "तो मोडणार नाही. पण ग्रंथपालानं ग्रंथ घेऊन कुठं बसावं, याचा नियम केलेला नाही. चल पोरी."

आणि मी रस्त्यावर आलो! तात्यासाहेबांच्या छातीशी, धुतलेल्या पंच्यात गुंडाळलेला. शहागंजातली अत्तराची दुकानं, भाजीवाल्यांच्या आरोळ्या, सायकलींच्या घंट्या, कुणाचा तरी धक्का. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा मला धक्का लागला. काय सांगू, बरं वाटलं.

कमरोद्दीन खाटेवर होता. पायांवर शाल, तीच थेंबाची. कोपऱ्यातल्या मागावर नक्षीच्या दोऱ्यांचं जाळं झाकून ठेवलेलं. त्यानं हात पुढं केले. तात्यासाहेबांनी मला त्याच्या हातांत दिलं. त्यानं बोटांनी चित्रांवरचे पातळ कागद मोजले आणि बरोबर सातव्या चित्रापाशी थांबला.

"ही बूंद बघितली का तात्यासाहेब?" शालीवरून हात फिरवत तो म्हणाला. "लोक म्हणतात कमरोद्दीनची बूटी. माझी कुठली! त्या चिताऱ्याची. हिच्यावरच घर चाललं. ही पोर शिकली ती हिच्यावर."

तात्यासाहेबांनी शाल पाहिली. मग चित्रातला डाग पाहिला. त्यांना सगळं कळलं. तोंड उघडलं, मिटलं, आणि मग हळूच म्हणाले, "उस्ताद असणार तो."

"पढ़ बेटा," कमरोद्दीन म्हणाला. "नाम क्या लिखे हैं?"

जहांआरानं वाचायला सुरुवात केली. "राणी झरोक्यात. चित्रकार अज्ञात." पुढच्या ओळीवर ती अडखळली. नजर वर केली. खाटेवरचं ते तोंड उत्सुक होऊन आवाजाच्या दिशेनं वळलं होतं.

"राणीचं नाव..." ती म्हणाली, "बिल्किस."

तिच्या आईचं नाव बिल्किस होतं. मला ते त्या घरात शिरताना कळलं. दारातल्या शेजारच्या म्हातारीनं "बिल्किसची पोर आली" म्हटलं होतं, तेव्हाच. तात्यासाहेबांनीही ते ऐकलं होतं.

कमरोद्दीननं ते नाव एकदा स्वतःशीच उच्चारून पाहिलं. मग म्हणाला, "तात्यासाहेब, पोरीनं बरोबर वाचलं ना?"

हे तात्यासाहेब एका अनुस्वाराच्या चुकीसाठी छापखान्याला पत्र धाडणारे. माझ्या समासात कुणी पेन्सिलीची रेघ ओढली म्हणून एका प्राध्यापकाला त्यांनी वर्षभर दार बंद केलेलं.

"अगदी बरोबर वाचलं," तात्यासाहेब म्हणाले. "बिल्किसच लिहिलंय."

"कांड्या भरताना एकदा मला बोलली होती," कमरोद्दीन हसला. "किसकी ओढ़नी बुनते जी, इतने दिल से? मी म्हटलं, हाय एक राणी." हसता हसता त्याचे मिटलेले डोळे भरून आले. "तिला सांगायला पायजे होतं."

सांजावताना आम्ही परतलो. वाचनालयात कुणी नव्हतं. तात्यासाहेबांनी मला कपाटात ठेवलं नाही. टेबलावर उघडलं, सातवं चित्र. पेन्सिलीला टोक काढलं. 'राणीचे नाव मिळत नाही' या ओळीखाली, अक्षर लागेल-न लागेल इतकं बारीक, त्यांनी लिहिलं : 'बिल्किस.' मग शेवटच्या पानावरच्या कोऱ्या कागदावर तारीख टाकली. माझी पहिली आणि एकुलती एक.

याला आता खूप वर्षं झाली. कमरोद्दीन त्याच हिवाळ्यात गेला, तात्यासाहेब पुढं काही वर्षांनी. वाचनालय गारखेड्याकडं नव्या जागेत हललं, आणि मी सुतळीनं बांधलेल्या एका गठ्ठ्यात आहे, खालून तिसरा. पाठीवरची सोनेरी अक्षरं आणखी पुसली. आता नुसतं 'दख्खनच्या' उरलंय. शहराचं नावही बदललं, असं वरचा ग्रंथ सांगतो. थेंबाची शाल मात्र अजून मिळते, म्हणे यंत्रावर विणलेली. दुकानदार गिऱ्हाइकाला सांगतात, हा राणीचा अश्रू आहे. मी ऐकतो आणि गप्प बसतो. खरं ठाऊक असलेला मी एकटाच उरलोय, आणि बांधलेल्या पुस्तकाला कोण विचारतं?

एक ना एक दिवस कुणीतरी ही सुतळी सोडेल. माणूस नीटनेटका असेल, हातात फडकं आणि खोडरबर असेल. डाग दिसला तर पुसायला जाईल, पेन्सिलीची अक्षरं दिसली तर चुकचुकेल. त्याला माझा निरोप द्या. धूळ झटका, पाठ शिवा, वाटलं तर रद्दीत घाला. पण सातवं चित्र उघडलंत तर तेवढं एक नाव खोडू नका.