जबड्यातली चार बोटं जागा

देवमाशाची हाडं उकळून, त्यांतलं तेल काढून सांगाडा उभा करण्यात बाईंची काही वर्षं गेली. अंगाला असा वास चिकटला, की सासूबाईंनी त्यांचं ताट वेगळ्या टेबलावर मांडायला सुरुवात केली. संग्रहालयाचे संचालक म्हणजे बाईंचेच यजमान. बाईंनी उभ्या केलेल्या प्रत्येक सांगाड्याखाली पाटी लागायची ती साहेबांच्या नावाची. या खेपेला मात्र बाईंनी स्पष्ट सांगितलं, पाटीवर माझं नाव हवं. साहेब प्रेमाने म्हणाले, घरात एक नाव आहे ना, ते दोघांना पुरतं.

खालच्या जबड्याची दोन हाडं बाईंनी पुढच्या टोकाला मुद्दाम चार बोटं सुटी ठेवली होती. मध्ये फक्त दोरखंड. या माशाला दात नाहीत, वरच्या जबड्यातून झालरीसारख्या चाळण्या लोंबतात. घास घेताना खालची हाडं कमानीसारखी फाकतात, गळ्याच्या चुण्या उलगडतात, खोलीभर पाणी आत येतं. ते चाळण्यांतून बाहेर ढकललं, की मागे उरलेल्या चिमुकल्या कोळंबीवर हा डोंगर जगतो. टोकं घट्ट जोडली, तर उपाशी मेलाच म्हणायचा.

उद्घाटनाच्या सकाळी बाई वास घालवायला घरी गेल्या. साहेबांना ती फट बघवेना. पाहुण्यांना वाटायचं, मासा मोडका आणलाय. त्यांनी सुताराकडून हाडांना भोकं पाडून टोकं बोल्टाने आवळून घेतली, वर प्लास्टर.

बाई परतल्या तेव्हा भाषण रंगात आलं होतं. जबडा कसा फाकतो, हे साहेब बाईंच्याच शब्दांत, दोन्ही हात पसरून सांगत होते. पाहुण्यांतल्या एका म्हाताऱ्या प्राणिशास्त्रज्ञाने काठीने प्लास्टर दाखवलं.

"मग हा फाकणार कसा?"

साहेबांनी वर पाहिलं. मग हात धरून बाईंना पुढे घेतलं.

"जोडणी सगळी हिची. मी एका हाडाला हात लावलेला नाही."

टाळ्या पडल्या. बाईंनी तोंड उघडलं, तेवढ्यात साहेबांनी त्यांच्या हातात पुष्पगुच्छ दिला आणि फोटोवाल्याने ओठ मिटून हसायला सांगितलं.

आठवड्याभरात पाटी लागली. पितळेची, ठसठशीत, साहेबांचं नाव कुठेही नाही. बोल्ट काढायचा तर हाड फुटणार, हे बाईंनी पाना लावून आधीच पाहून ठेवलं होतं.

सासूबाई मुद्दाम बघायला आल्या. चष्मा पुसून पाटी दोनदा वाचली.

"उगीच धुसफुसत होतीस. शेवटी दिलं की नाही त्याने नाव?"

"दिलं," बाई म्हणाल्या.