पडद्यावरून अदृश्य होणारा गणपती

लखनौच्या गोमती नगरातील एका मराठी मंडळाच्या कार्यालयात त्या संध्याकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. बँकांतले अधिकारी, रेल्वेतले अभियंते आणि त्यांची कुटुंबे एका संगणकासमोर श्वास रोखून उभी होती. हिमानीने गणेशोत्सवाच्या स्मरणिकेचे मुखपृष्ठ पुन्हा उघडले. मखर उमटले, समया उमटल्या; गणपतीची जागा मात्र गेल्या काही दिवसांसारखीच कोरी! ती बाजूला झाली आणि यंत्रांवरची बाधा उतरवण्यासाठी मंडळाने बोलावलेल्या यंत्रबाबांचा शिष्य मुन्नालाल याने तीच फाइल उघडली. गणपती सोंडेसकट प्रकट!

"मोरया!" छत दणाणले.

यंत्रबाबांनी डोळे मिटले. "जहाँ विघ्न का हाथ, वहाँ विघ्नहर्ता कैसे ठहरें? बिटिया का दोष नहीं, ग्रहों का है. शांति करवा लो. तब तक मशीन से दूर."

ग्रह संगणकही चालवतात, हे मंडळाला नव्यानेच कळत होते. हिमानीच्या नवऱ्याला जाऊन वर्षही झाले नव्हते. "मी म्हणतच होते," पद्माकाकू कुजबुजल्या, सर्वांना ऐकू जाईल इतक्या हळू.

अध्यक्ष गोपीनाथराव खाकरले. "हिमानी, यंदा स्मरणिका राहू दे. आणि आरतीलाही... तू समजूतदार आहेस."

तिने रेल्वेचे पूल बांधलेल्या निरंजनरावांकडे पाहिले. "काका, तुम्ही इंजिनिअर. तुम्ही तरी सांगा, असं होतं का?"

निरंजनराव स्वच्छच असलेला चष्मा पुसत राहिले. मागच्याच आठवड्यात त्यांनी, समितीला न विचारता, चित्रे रचण्याच्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती या संगणकावर जुनीच्या शेजारी बसवली होती. गणपती पहिल्यांदा नाहीसा झाला तेव्हाच त्यांच्या मनात पाल चुकचुकली होती. पण बोलावे तर गोपीनाथरावांची बोलणी खावी लागणार. त्यापेक्षा प्रकरण आपोआप निवेल, असे त्यांनी स्वतःला समजावले. मघाशी तर त्यांनी चारचौघांबरोबर हातही जोडले होते. चाचणीवाचून एकही पूल ज्याने कधी वाहतुकीला खुला केला नाही, त्या माणसाने एका पोरीवरचा आरोप चाचणीवाचून मान्य केला होता.

"होत नाही," ते म्हणाले. स्वर त्यांनाच परका वाटला. "मघापासून हात बदलतोय, तशी वाटही बदलतेय. हिमानी थेट फाइलीवर टिचकी मारते. मुन्नालाल आधी जुने सॉफ्टवेअर उघडतात, मग त्यातून फाइल. आता अदलाबदल करू."

मुन्नालालचे निशातगंजात फ्लेक्स छापण्याचे दुकान होते. तो चटकन सावध झाला. "भैया, ऐसे मंत्र नहीं चलता."

"मंत्र म्हणा, पण टिचकी फाइलीवर मारा."

टिचकी पडली. मखर आले, समया आल्या. गणपती आला नाही. मग हिमानीने जुन्या सॉफ्टवेअरमधून फाइल उघडली. गणपती आला. या वेळी कोणी मोरया म्हटले नाही.

"अविश्वासी की छाया पड़ गई!" बाबा गरजले.

"छाया माझीच आहे," निरंजनराव म्हणाले. "नवी आवृत्ती मी गुपचूप बसवली. ती बसताना फाइली उघडण्याचे काम तिने स्वतःकडे घेतले. गणपती ज्या जुन्या जोडसाधनाने, म्हणजे प्लगइनने, काढला आहे, ते तिच्यात नाही. म्हणून ती तेवढी जागा कोरी ठेवते. हे मुन्नालालना धंद्यामुळे ठाऊक आहे. मला..." ते अडखळले. "मलाही पहिल्याच दिवशी वाटले होते."

बाबा शिष्यासह चपला शोधू लागले. गोपीनाथराव म्हणाले, "चला, झालं गेलं—"

"पहिल्याच दिवशी, काका?" हिमानीने विचारले.

"हो."

खुर्चीत बसून तिने या फाइली जुन्याच आवृत्तीत उघडाव्यात अशी नोंद संगणकात केली आणि अपुरे मुखपृष्ठ पुरे करू लागली. निरंजनराव मागे उभे होते. तिने वळून पाहिले नाही.

वाचकहो, चमत्कारापुढे हात जोडण्यापूर्वी एकदा अदलाबदल करून पाहा: माणूस तोच ठेवा, रीत बदला; मग रीत तीच ठेवा, माणूस बदला. एवढी परीक्षा कोणालाही करता येते. आणि ज्याला कारण ठाऊक आहे, त्याने चष्मा पुसत बसू नये. बाबांची दुकाने अजाणांच्या श्रद्धेवर चालतात खरी. पण त्यांचे भाडे जाणत्यांचे मौन भरत असते.